तांबडी खूण माझ्या रिपोर्टवर, गोळी मात्र यजमानांना

हृदयविकार टाळण्यासाठी स्टॅटिन गटातील, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी कोणी घ्यावी आणि कोणी घेऊ नये, याविषयीची बरीच पत्रे साठली होती. त्यांतील पाच निवडून, जरूर तेथे संक्षेप करून, उत्तरांसह देत आहे. उत्तरे वाचून कोणी परस्पर गोळी सुरू किंवा बंद करू नये ही विनंती नेहमीचीच आहे; तिसऱ्या पत्रामुळे ती या वेळी जरा जोर देऊन करावी लागत आहे.

प्रश्न : माझे वय ४७ आणि यजमानांचे ५६. आम्ही दोघांनी एकाच दिवशी रक्त तपासून घेतले. माझे एकूण कोलेस्टेरॉल २४२ आणि एलडीएल ("वाईट" म्हणतात ते कोलेस्टेरॉल) १५८ आले. दोन्हींपुढे तांबडी खूण आहे. यजमानांचे एलडीएल १२६ असून त्यापुढे काहीच खूण नाही. त्यांचे एचडीएल ("चांगले" म्हणतात ते) ३८ आहे, माझे ५८. त्यांना तीन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी आहे, तरी वरचा आकडा १४५ च्या आसपास असतो, आणि दिवसाला आठ-दहा सिगारेटी होतात. मला रक्तदाब नाही, मधुमेह दोघांनाही नाही. डॉक्टरांनी स्टॅटिन त्यांना लिहून दिली आणि मला "सध्या गरज नाही" असे सांगितले. रिपोर्ट अदलाबदल करून वाचले गेले असावेत का, अशी शंका मनातून जात नाही.

उत्तर : रिपोर्ट बरोबर वाचले गेले आहेत. तुमची शंका मात्र स्वाभाविक आहे, कारण आपण सगळेच स्टॅटिनला "कोलेस्टेरॉलची गोळी" म्हणतो आणि मग ज्याचे कोलेस्टेरॉल जास्त त्याला गोळी, असा सरळ हिशोब मांडतो. प्रयोगशाळेची तांबडी खूण एका ठरावीक आकड्यापुढे आपोआप उमटते. समोरचा माणूस किती वर्षांचा आहे, त्याचा रक्तदाब किती आहे, त्याच्या खिशात सिगारेटचे पाकीट आहे की नाही, यांतले तिला काहीही ठाऊक नसते. डॉक्टरांनी मात्र या सगळ्याचा एकत्रित विचार केला.

हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत एलडीएलचे कण शिरून साचत जाणे, ही काही दशके चालणारी प्रक्रिया आहे. एलडीएल नसेल तर ती सुरूच होत नाही, हे खरे. परंतु ती किती वेगाने पुढे जाते आणि साचलेला थर कधी फुटून त्यावर गुठळी धरते, हे वाढलेला रक्तदाब, तंबाखू, मधुमेह आणि सरलेली वर्षे यांच्यावर फार अवलंबून असते. म्हणून १२६ एलडीएल असलेला, सिगारेट ओढणारा, रक्तदाबाचा ५६ वर्षांचा पुरुष १५८ एलडीएल असलेल्या तुमच्यापेक्षा झटक्याच्या कितीतरी जवळ उभा असतो.

आता गोळीचे काम पाहू. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या एका महत्त्वाच्या एन्झाइमला स्टॅटिन अडवते. यकृताच्या पेशींना कोलेस्टेरॉल कमी पडू लागले की त्या रक्तातले एलडीएल अधिक प्रमाणात ओढून घेतात आणि रक्तातली पातळी उतरते. अनेक मोठ्या चाचण्यांतील रुग्णांची माहिती एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की एलडीएल साधारण ३९ मिलिग्रॅमने उतरले की हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होतात. पण पाचवा हिस्सा कशाचा? त्या माणसाच्या मूळ धोक्याचा. सगळा निर्णय या एका प्रश्नावर फिरतो.

हिशोबाच्या सोयीसाठी धरून चालू, की तुमच्या यजमानांसारख्या शंभर जणांपैकी १६ जणांना पुढील दहा वर्षांत झटका किंवा पक्षाघात येईल. नेमका आकडा धोका मोजणारे कोणते गणक (कॅल्क्युलेटर) वापरले त्यानुसार वरखाली होतो. गोळीने त्यांतले तीन किंवा चार वाचतात. तुमच्या वयाच्या, धूम्रपान न करणाऱ्या, रक्तदाब ठीक असलेल्या शंभर स्त्रियांपैकी दहा वर्षांत अशी घटना घडेल एखादीच्या बाबतीत. तिचा पाचवा, अगदी तिसरा हिस्सा धरला, तरी एक घटना टाळण्यासाठी काहीशे जणींनी दहा वर्षे रोज गोळी घ्यायला हवी. गोळी तीच, रसायन तेच, टक्क्यांतली घटही जवळपास तीच; पदरात पडणारा लाभ मात्र अनेक पटींनी वेगळा.

एलडीएल "नॉर्मल" असलेल्यांनाही लाभ होतो का, याची थेट परीक्षा झालेली आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ज्युपिटर चाचणीत एलडीएल १३० च्या खाली असलेले, पण रक्तातील दाहाची एक खूण वाढलेली असलेले १७,८०२ लोक होते. रोझुव्हास्टॅटिन ही स्टॅटिन घेणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताच्या घटना जवळजवळ निम्म्याने घटल्या आणि चाचणी ठरलेल्या मुदतीच्या आधीच थांबवण्यात आली. मुदतीआधी थांबवलेल्या चाचण्यांत लाभ थोडा फुगून दिसण्याची शक्यता असते, म्हणून मला स्वतःला २०१६ ची होप-३ ही चाचणी अधिक बोलकी वाटते. तीत १२,७०५ माणसे कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरून न निवडता वय आणि इतर जोखमींवरून निवडली होती. साडेपाच वर्षांहून थोड्या अधिक काळात साध्या (तशीच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या) गोळीच्या गटात ४.८ टक्के लोकांना हृदय व रक्तवाहिन्यांची मोठी घटना घडली, तर रोझुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅमच्या गटात ३.७ टक्के लोकांना. म्हणजे शंभरामागे एकाहून किंचित अधिक. हा आकडा कोणाला भरघोस वाटेल, कोणाला किरकोळ; पण तो प्रामाणिक आहे. "अमुक इतके टक्के घट" असा मथळा कोठे दिसला, की ती घट कितीवरून कितीवर आली हे शोधायची सवय लावून घ्यावी. स्कॉटलंडमधील १९९५ च्या प्रसिद्ध चाचणीत घट ३१ टक्के होती. तेच सत्य दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर पाच वर्षांत ७.९ टक्क्यांवरून ५.५ टक्के.

एवढे झाल्यावर तुमच्या "सध्या गरज नाही" मधल्या "सध्या" या शब्दाकडे येतो. तुमच्या पत्रात जे नाही ते मला विचारायचे आहे. तुमच्या वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला होता का? गरोदरपणात रक्तदाब वाढून प्रीएक्लॅम्प्सिया झाला होता का? पाळी चाळिशीच्या आत गेली का? संधिवातासारखा दीर्घकाळ दाह ठेवणारा आजार आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर "हो" असेल, तर गणकाने काढलेला धोका कमी भासतो आणि प्रत्यक्षात तो अधिक असतो. यांपैकी काही नसेल, तर दर चार-पाच वर्षांनी, आणि रक्तदाब, मधुमेह वा पाळी जाणे असे काही बदलले तर त्याआधीच, हिशोब पुन्हा मांडावा. १५८ हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा मुळीच नाही. वजन, व्यायाम आणि आहारातील संपृक्त स्निग्धांश यांवर काम करायला तुम्हाला वेळ आहे, एवढाच त्याचा अर्थ.

यजमानांविषयी एक गोष्ट जाता जाता सांगतो, कारण ती पुष्कळदा उलटी घडताना पाहतो. गोळी सुरू झाली की सिगारेट चालू ठेवायला जणू परवाना मिळाला, असे काहींना वाटू लागते. त्यांच्या बाबतीत सिगारेट सुटणे आणि रक्तदाब १३० च्या खाली येणे ही दोन्ही कामे गोळीइतकीच मोलाची आहेत, आणि गोळी त्यांतले एकही करत नाही.

प्रश्न : वय ५३, पुरुष. रक्तदाब किंचित वाढलेला, एलडीएल १४०. डॉक्टरांनी संगणकावर हिशोब करून दहा वर्षांचा धोका ८ टक्के असल्याचे सांगितले आणि म्हणाले, "घेतलीत तर हरकत नाही, नाही घेतलीत तरी चूक नाही; तुम्ही ठरवा." मी डॉक्टरांकडे ठरवून घ्यायला गेलो होतो. ही जबाबदारी टाळणे नव्हे काय?

उत्तर : नव्हे. तुमच्या डॉक्टरांनी खरे तेच सांगितले, फक्त सांगून तुम्हाला एकटे सोडायला नको होते.

तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांतही ८ टक्क्यांवर एकमत नाही. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१८ साली दहा वर्षांचा धोका ७.५ टक्के झाला की रुग्णाशी चर्चा करून मध्यम मात्रेची स्टॅटिन सुरू करावी असे सुचवले. त्याच देशातील आरोग्य-प्रतिबंधाच्या सरकारनियुक्त तज्ज्ञमंडळाने २०२२ मध्ये १० टक्क्यांपासून स्पष्ट शिफारस केली आणि ७.५ ते १० मधील लोकांसाठी "निवडक व्यक्तींना" असा सौम्य शब्द वापरला. ब्रिटनमध्ये उंबरठा १० टक्क्यांचा, पण २०२३ पासून त्याखालच्या माणसाला गोळी हवी असेल तर केवळ धोका कमी म्हणून ती नाकारू नये अशी पुस्ती जोडलेली. त्यातच २०२३ साली प्रिव्हेंट नावाचे नवे गणक आले. जुन्या गणकावर ८ टक्के येणाऱ्या माणसाचा धोका त्यावर बहुधा बराच कमी दिसतो. माणूस तोच, त्याच्या रक्तवाहिन्याही त्याच. म्हणून या आकड्याला हवामानाच्या अंदाजाइतकाच मान द्यावा, सराफाच्या काट्याइतका नव्हे.

अशा मधल्या पट्ट्यातील माणसासमोर मी कोऱ्या कागदावर दहा ओळींत शंभर गोल काढतो. आठ गोल पेनाने भरतो आणि सांगतो की हे तुमच्यासारखे शंभर जण, त्यांतल्या या आठांना दहा वर्षांत काहीतरी होणार. मग त्या आठांपैकी दोनांभोवती चौकट काढतो. गोळीने वाचणारे ते हे दोघे. उरलेल्या सहांना गोळी घेऊनही होते, आणि ब्याण्णवांना न घेताही काही होणार नव्हते. काही वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात हा कागद दोघांना दाखवला होता. पहिले गृहस्थ चौकटीवर बोट ठेवून म्हणाले, "या दोघांत मी असेन तर? उद्यापासून सुरू करतो." दुसऱ्यांनी ब्याण्णव कोरे गोल शांतपणे न्याहाळले आणि, "मग मी आधी सहा महिने चालून बघतो," म्हणाले. दोघांपैकी कोणाचे चुकले असे मला तेव्हा वाटले नव्हते, आजही वाटत नाही. रोज एक गोळी घेणे काहींना दात घासण्याइतके सहज वाटते, काहींना ती रोज सकाळी आपण आजारी असल्याची आठवण करून देते. हा फरक कोणत्याही गणकात भरता येत नाही आणि म्हणूनच निर्णय तुमच्याकडे सोपवला जातो.

तरीही काट्याचे पारडे एका बाजूला झुकवणाऱ्या गोष्टी आहेत. जवळच्या नात्यात लवकर आलेला हृदयविकार, मूत्रपिंडाचा जुना आजार, पोटाचा वाढलेला घेर आणि त्यासोबत वाढलेली साखर व ट्रायग्लिसराइड, हे सारे गोळीच्या बाजूने बोलतात. २०१८ च्या अमेरिकन सूचनांत दक्षिण आशियाई वंश हाही धोका वाढवणारा घटक म्हणून स्वतंत्रपणे नोंदवला आहे. लायपोप्रोटीन-ए या एलडीएलसारख्याच कणाची रक्ततपासणी बहुतेकांना ठाऊक नसते. तिची पातळी मुख्यतः जनुकांनी ठरते आणि आयुष्यभर फारशी बदलत नाही, त्यामुळे एकदा केली तरी पुरते. ती ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर मी गोळीकडे झुकतो.

एवढ्यावरही मन द्विधा असेल, तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांतील कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन उपयोगी पडतो. त्याला इंजेक्शन लागत नाही आणि काही मिनिटांत तो होतो. स्कोअर शून्य आला, तर धूम्रपान करणारे, मधुमेही आणि घरात लवकर हृदयविकार असलेले सोडून इतरांनी काही वर्षे गोळी लांबणीवर टाकायला हरकत नसते. शंभर किंवा त्याहून अधिक आला, तर प्रश्न बव्हंशी सुटतो : गोळी घ्यावी. एक ते नव्याण्णवमध्ये, विशेषतः पंचावन्नच्या पुढे, कल गोळीकडेच. ज्यांनी स्टॅटिन आधीच सुरू केली आहे त्यांनी मात्र "गुण आला का" हे पाहण्यासाठी हा स्कॅन पुन्हा पुन्हा करू नये. गोळीने थर स्थिर होताना त्यातले कॅल्शियम वाढू शकते आणि वाढलेला स्कोअर पाहून माणूस उगाच हबकतो.

प्रश्न : वय ६२, स्त्री. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला. तेव्हापासून अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम घेत होते. पायांत गोळे येतात, मांड्या दुखतात. स्टॅटिनमुळे स्नायू खराब होतात आणि मधुमेहही होतो असे फोनवर वाचल्यावर तीन आठवड्यांपूर्वी बंद केली. आता एलडीएल तपासून, कमी असेल तर गोळी टाळता येईल का?

उत्तर : हे उत्तर मासिकातून देण्याऐवजी फोनवरच द्यायला हवे होते, आणि तसे कळवलेही आहे. ज्यांना झटका येऊन गेला आहे, स्टेंट बसला आहे, बायपास झाली आहे किंवा रक्तवाहिनी तुंबून पक्षाघात झाला आहे, त्यांच्यासाठी "स्टॅटिन घ्यावी का" हा प्रश्नच उरत नाही. कोणती आणि किती, एवढाच उरतो. वरच्या दोन पत्रांत मांडलेले टक्क्यांचे गणित तुम्हाला लागू नाही, कारण जे घडू नये म्हणून ते मांडतात तेच घडून गेले आहे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील चाचणीत हृदयविकार असलेले ४,४४४ रुग्ण होते. सुमारे साडेपाच वर्षांत साध्या गोळीच्या गटातील २५६ जण दगावले, सिम्व्हास्टॅटिनच्या गटातील १८२. स्टॅटिनविषयीचा डॉक्टरांचा दृष्टिकोन बदलला तो या चाचणीनंतर. आता गोळी बंद असताना एलडीएल तपासून ते कमी आले तरी निर्णय बदलणार नाही. तुमच्यासाठी ते ७० च्या खाली, शक्यतो त्याहूनही कमी हवे.

तुमचे दुखणे खोटे आहे असे मी म्हणत नाही. ते गोळीमुळेच आहे का, एवढेच तपासायचे आहे. २०२० साली लंडनमधील संशोधकांनी सॅमसन नावाची एक विलक्षण चाचणी प्रसिद्ध केली. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना त्यांनी बारा बाटल्या दिल्या : चारांत अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, चारांत तशीच दिसणारी निव्वळ गोळी, चार रिकाम्या. दर महिन्याला एक बाटली, आणि रोज किती त्रास झाला याला शंभरपैकी गुण. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८ गुण, औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांत १५.४, खऱ्या स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. म्हणजे गोळी घेतल्याने जो त्रास वाढला, त्यातला नव्वद टक्के औषध नसलेल्या गोळीनेही तितकाच वाढला होता. त्रास खराच होता. त्याचे मूळ बव्हंशी गोळीतल्या औषधात नव्हते. आपलीच नोंदवही पाहिल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केली. २०२२ मध्ये १९ चाचण्यांतील जवळपास सव्वा लाख लोकांची माहिती एकत्र पाहिली गेली, तेव्हाही स्नायूदुखी स्टॅटिनच्या गटात २७.१ टक्के आणि साध्या गोळीच्या गटात २६.६ टक्के आढळली. साठीच्या आसपास पाय दुखायला कारणे पुष्कळ असतात.

तरी "सगळे मनाचे खेळ" म्हणून मी कोणाला वाटेला लावत नाही. दोन्ही मांड्या किंवा दोन्ही खांदे सारखेच दुखत असतील, खुर्चीतून उठताना किंवा जिना चढताना नुसते दुखणे नाही तर अशक्तपणा जाणवत असेल, लघवी चहासारखी गडद होत असेल, तर गोळी त्याच दिवशी थांबवून स्नायूंचे एन्झाइम, म्हणजे सीपीके, तपासावे लागते. स्नायूंचा असा गंभीर विघात फार विरळा, पण तो खरा आहे. त्यापायीच सेरिव्हास्टॅटिन हे औषध २००१ मध्ये बाजारातून मागे घ्यावे लागले. थायरॉइड मंद असला तरी स्नायू दुखतात आणि कोलेस्टेरॉलही वाढते, म्हणून तीही तपासणी करून घ्या. मध्यंतरी क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक घेतले होते का, तेही आठवा. त्याने अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनची रक्तातील पातळी वाढते.

हे सारे ठीक निघाले, तर डॉक्टरांशी बोलून कमी मात्रेने किंवा रोझुव्हास्टॅटिनने पुन्हा सुरुवात करता येईल. मात्रा निम्मी केल्याने परिणाम निम्मा होत नाही, हे फारच थोड्यांना माहीत असते : मात्रा दुप्पट केली की एलडीएल आणखी साधारण सहा टक्केच उतरते, तेव्हा निम्मी केल्यानेही तेवढेच निसटते. राहिलेली तूट एझेटिमाइब या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या दुसऱ्या गोळीने भरून काढता येते. स्टॅटिन कोणत्याही रूपात सोसलीच नाही, तर बेम्पेडोइक आम्ल किंवा पंधरवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने आहेत.

मधुमेहाविषयी तुम्ही वाचलेले निराधार नाही. १३ चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात २५५ जणांनी चार वर्षे स्टॅटिन घेतली तेव्हा मधुमेहाचा एक जादा रुग्ण आढळला, आणि तोही बहुधा ज्यांची साखर आधीच काठावर होती त्यांच्यात. स्टेंट बसलेल्या तेवढ्याच रुग्णांत तेवढ्याच काळात टळणाऱ्या घटना त्याच्या कितीतरी पट असतात. वर्षातून एकदा साखर तपासा.

प्रश्न : वय ३१, अंगाने सडपातळ, रोज पोहते. नोकरीच्या तपासणीत एलडीएल २१४ निघाले. वडिलांना ४८ व्या वर्षी झटका आला होता. गणकात वय भरले तर ते "वय कमी आहे" म्हणून उत्तरच देत नाही. पुढील दोन वर्षांत मूल व्हावे अशी इच्छा आहे.

उत्तर : गणकाने उत्तर दिले असते तरी ते ऐकू नका असे सांगितले असते. एलडीएल १९० च्या वर असेल तेथे दहा वर्षांच्या धोक्याचे गणित करायचेच नसते. थायरॉइड, मूत्रपिंड आणि यकृत ठीक असतील, तर वडिलांचा इतिहास पाहता हा आनुवंशिक अतिकोलेस्टेरॉलचा प्रकार असण्याची दाट शक्यता आहे. तो सुमारे अडीचशेंत एकाला असतो आणि पोहण्याने वा सडपातळपणाने झाकला जात नाही, कारण यकृताची एलडीएल ओढून घेण्याची क्षमताच जन्मापासून उणी असते. तुमच्या रक्तवाहिन्यांनी हा भार ३१ वर्षे वाहिला आहे, आणि म्हणून तरुण असूनही तुम्हाला गोळी लागेल.

ती केव्हापासून, हे बाळाच्या बेतावर ठरेल. गर्भधारणेचा प्रयत्न सुरू करण्याआधी एक-दोन महिने स्टॅटिन थांबवतात आणि स्तनपान संपल्यावर पुन्हा सुरू करतात. दोन वर्षे हाताशी असतील तर तोवर घेणे योग्य, मात्र त्या काळात गर्भनिरोधनाची खात्रीशीर सोय हवी. आणि भावंडांची लिपिड तपासणी या महिन्यातच करून घ्या. प्रत्येकाला हा दोष असण्याची शक्यता निम्मी असते, आणि वडिलांच्या झटक्यानंतर ती कोणी केली नसावी असे पत्रावरून दिसते.

प्रश्न : वडिलांचे वय ८१. हृदयविकार कधीच झालेला नाही, मधुमेह नाही, रक्तदाबाची गोळी चालू आहे, रोज स्वतः फिरून येतात. एलडीएल १३८. मोठा भाऊ म्हणतो स्टॅटिन सुरू करावी, बहीण म्हणते या वयात नको. आईला (वय ७८) ती बारा वर्षांपासून चालू आहे. तिची बंद करावी का?

उत्तर : भाऊ आणि बहीण दोघांच्याही बाजूने बोलण्यासारखे आहे, कारण या वयाचा पुरावाच तोकडा आहे. बहुतेक मोठ्या चाचण्या पंचाहत्तरीच्या अलीकडच्या लोकांवर झाल्या. २००२ च्या प्रॉस्पर चाचणीत ७० ते ८२ वयाचे ५,८०४ लोक होते. लाभ दिसला, पण तो मुख्यतः आधीच रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांत. हा प्रश्न सोडवण्यासाठीच ऑस्ट्रेलियात स्टेरी आणि अमेरिकेत प्रिव्हेंटेबल या दोन मोठ्या चाचण्या हाती घेतल्या गेल्या. गणकाचा येथे उपयोग नाही, कारण ऐंशीच्या माणसाचा धोका केवळ वयामुळेच उंबरठ्याच्या पलीकडे जातो, मग बाकीचे आकडे कितीही चांगले असोत.

काळाचा हिशोब मात्र मांडता येतो. ५० ते ७५ वयोगटातील चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासानुसार शंभर जणांमागे एक मोठी घटना टळायला सुमारे अडीच वर्षे गोळी घ्यावी लागते. अंथरुणाला खिळलेल्या, झपाट्याने वजन घटलेल्या किंवा दुसऱ्या गंभीर आजाराशी झुंजणाऱ्या वृद्धाला ती वर्षे मिळतीलच असे नसते. रोज फिरून येणाऱ्या तुमच्या वडिलांना मिळण्याची शक्यता चांगली आहे. सुरू करायचीच झाली तर कमी किंवा मध्यम मात्रेने करावी, आणि तीन महिन्यांनी त्यांचे फिरणे कमी झाले आहे का, हे एलडीएलच्या आधी विचारावे.

आईची गोष्ट वेगळी. बारा वर्षे कुरकुर न करता जी गोळी सोसली, ती केवळ वाढदिवस उलटला म्हणून बंद करायचे कारण मला दिसत नाही. गोळ्यांची संख्या फार झाली असेल, खाणे मंदावले असेल किंवा तिलाच ती नकोशी झाली असेल, तर बंद करण्याविषयी बोलावे. आणि तिला पूर्वी हृदयविकार वा पक्षाघात झालेला असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय मुळीच नाही.

आणखी एक. पुढच्या भेटीला वडिलांना बरोबर घेऊन जा. भावाचे म्हणणे पत्रात आहे, बहिणीचे आहे, तुमचेही आहे; गोळी ज्यांना घ्यायची त्यांचे काय म्हणणे आहे, हे तेवढे त्यात कोठे सापडले नाही.